माझे दीर, यादीत सातवे

माझे दीर सहा वर्षांपूर्वी खाणीत पाणी भरलं त्यात गेले, असं कंपनीच्या यादीत लिहिलेलं आहे. चौदा नावांत त्यांचं नाव सातवं. ती यादी गेटवर लागली त्या सकाळी ते आमच्या मागच्या खोलीत खाटेवर पांघरूण घेऊन बसले होते, आणि मी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप उतरला का ते पाहत होते.

माझ्या रोजच्या वहीत त्या दिवसाचं पान आहे. त्यावर मी लिहिलंय, "भाऊजी गेले. देव त्यांना सद्गती देवो." ह्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. कुणी घर तपासायला आलं आणि वही चाळली, तर त्यात तसं असलेलं बरं, असं ह्यांचं म्हणणं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी वही लिहिते. भाजी करपली ते लिहिलंय, सासूबाईंना उलट बोलले तेही लिहिलंय. देवाला जे ठाऊकच आहे ते वहीपासून कशाला लपवा. खोटं असं ते एकच पान. म्हणून भाऊजींची हकिगत आता पहिल्यापासून लिहायला घेतली आहे.

मी या घरात आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते. बसच्या टपावरून माझी ट्रंक त्यांनीच उतरवली. खांद्यावर घेतली, वाकले आणि म्हणाले, "वहिनी, दगड आणलेत का यात? इथं खाली पुष्कळ आहेत, उगाच वाहून आणलेत." त्या घरात मला पहिलं हसू आलं ते या वाक्याने.

शाळा सुटली तसे ते खाणीत लागले, ड्रिलवर. तेवढ्यात खाण बाहेरच्या कंपनीने घेतली. पाट्या बदलल्या, हेल्मेटचा रंग बदलला, आमच्या रांगेतल्या घरांना निळी दारं आली. मोठे साहेब वर्षातून एकदा विमानाने यायचे आणि दोन तासांत जायचे. बुटाला चिखल लागू न देता साहेब कसे चालतात, त्याची भाऊजी अशी नक्कल करत की ह्यांच्यासारखा कमी बोलणारा माणूससुद्धा ताटावरून उठून हसायचा. अकरा वर्षं ड्रिल धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. गारठ्यात ती पांढरीफटक पडत, मग कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

आता बदलीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. फळ्यावर जेवढे बिल्ले, तेवढी माणसं खाली. लागोपाठ तीन खाडे झाले की नाव कमी होई. म्हणून ज्याला बरं नसेल तो आपला बिल्ला दुसऱ्या कुणाला देई. तो माणूस ह्याच्या नावाने खाली उतरे. त्याला बदली म्हणत. बदलीला कुणी काही शिकवलेलं नसे, कुठल्या कागदावर त्याचं नाव नसे. हजेरी कारकुनाला हे माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं. रांगेतल्या एकूण एक घरातून कधी ना कधी बदली गेलेला होता. वरच्या साहेबांना ठाऊक होतं की नाही, यावरच आता समुद्रापलीकडे कंपनीच्या देशात खटला चालू आहे.

त्या दिवशी भाऊजींना तापाने उभं राहवत नव्हतं. उजाडायच्या सुमारास मागच्या दाराशी बदली आला. डोंगरापलीकडच्या वस्तीची शेतं कंपनीच्या मातीच्या ढिगाखाली गेली होती, त्यांतल्या एका घरातला तो मुलगा. मुलगा म्हणजे चांगला बाविशीचा. आधी दोनदा भाऊजींच्या नावाने जाऊन आलेला. मी चुलीपाशी होते, त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. मी चहा दिला तो त्याने उभ्यानेच घेतला आणि "दुपारी बिल्ला आणून देतो" म्हणून गेला.

दहा वाजता भोंगा झाला आणि थांबेचना.

खालच्या पातळीवर जुन्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यांना लागून कंपनी छत तोलणारे दगडी खांब कापत होती. भिंतीला घाम फुटलाय, असं भाऊजी आणि त्यांच्या जोडीचे दोन महिने सांगत होते. मुकादमाचं उत्तर ठरलेलं, की घाम तुम्हालाही फुटतो, म्हणून काम थांबवता का. ती भिंत गेली. तीन दिवस पंप चालले. पाचव्या दिवशी कंपनीने त्या खालच्या पातळीच्या तोंडावर सिमेंट ओतलं. वर कुणालाच आणलं नाही.

पंप चालू होते तेव्हाच एका दुपारी हजेरी कारकून आमच्याकडे समाचाराला आला. दार भाऊजींनी उघडलं. तो माणूस उंबऱ्यावरच बसला. पाणी मागितलं, प्यायला, आणि मग खाली बघत म्हणाला, "फळ्यावर तुझा बिल्ला आहे. म्हणजे तू खाली आहेस."

"मी इथं आहे."

"ते मला दिसतंय. कागदाला दिसत नाही."

मग त्याने हळू आवाजात सगळं समजावलं. आपल्या बिल्ल्यावर दुसऱ्याला पाठवणं गुन्हा आहे. तो मेला त्याचा दोष तुझ्या माथी येईल, तुरुंग होईल, घर जाईल. त्यापेक्षा चार दिवस गप्प राहा, बोभाटा शांत होऊ दे. मेलेल्याचा भाऊ म्हणून तुझ्या दादाला स्टोअरमध्ये कायम करून घेतील, घर आहे तसंच राहील. भाऊजी तापात होते, त्यांनी मान हलवली. ह्यांना आणि मला ताप नव्हता. मीही मान हलवली.

ते चार दिवस सहा वर्षं चालले.

पत्र्याच्या रांगेत खोकलाही लपत नाही. महिन्याभरात सगळ्यांना कळलं, आणि कुणीही तोंड उघडलं नाही, कारण ज्याने त्याने आपापला बिल्ला कधीतरी दुसऱ्याच्या हातात ठेवला होता. शेजारच्या पंपवाल्या काकांनी भाऊजींचं नाव स्वर्गवासी ठेवलं. भिंतीपलीकडून विचारायचे, "काय स्वर्गवासी, आज वरती भाजी कसली?" भाऊजी इकडून सांगायचे, "कालचीच. इथंही शिळं संपवायला लावतात." दोघं हसायचे. मला ते हसणं ऐकवत नसे.

लोक नादुरुस्त इस्त्र्या, पंखे, स्टोव्ह माझ्याकडे आणून ठेवत, "तुमच्याकडे तो दुरुस्तीवाला येतो ना, त्याला द्या" म्हणत. भाऊजी खिडकीपासून लांब, भिंतीशी बसून ते दुरुस्त करत. रोज न चुकता दाढी करत. दहाचा भोंगा झाला की हातातलं खाली ठेवून उठत आणि भोंगा थांबेपर्यंत दाराची चौकट धरून उभे राहत. आणि पाणी. नळाखाली बादली भरताना आवाज कसा बदलत जातो, तो त्यांना सोसत नसे. मी नळाच्या तोंडाला फडकं बांधलं. त्या घरात आम्ही सहा वर्षं बिनआवाजाचं पाणी भरलं. तरी कधी देवापुढे बसले असताना मागच्या खोलीतून त्यांचा आवाज यायचा, एखाद्याची समजूत घालावी तसा, "वरच्या शिडीने ये, वरच्या शिडीने." माझं स्तोत्र तिथेच अडायचं. देवाचं नाव घेताना मन दुसरीकडे ठेवू नये म्हणतात. ठेवलं कुठे होतं, ते आपोआप जात होतं.

आमच्या मुलीला शाळेत निबंध आला, आवडती व्यक्ती. तिने काकांवर लिहिला, आणि शाळेला जे माहीत होतं तेच लिहिलं. माझे शूर काका खाणीत गेले, असा. घरी आणून तिने तो काकांनाच वाचून दाखवला, दुसऱ्या कुणाला दाखवणार. भाऊजींनी शांतपणे ऐकला. म्हणाले, "छान आहे. शूर तेवढं काढ."

त्या बदलीची मोठी बहीण होती. ती पहिल्यांदा आमच्या दारात आली ती दुर्घटनेच्या बाराव्या दिवशी. हातात भावाचा फोटो. म्हणाली, निळ्या दाराच्या घरी जातो, एवढंच सांगून तो निघाला होता, आणि इथं तर सगळीच दारं निळी. तो तुमच्याकडे येत होता का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. पडद्यामागे भाऊजी होते. तिने पाणी मागितलं, मी दिलं. तांब्या परत देताना तिने विचारलं, "तुमच्याकडचं कुणी गेलं का, ताई?"

मी म्हटलं, "माझे दीर."

तेव्हा त्या बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सोसायचं ताई," म्हणाली, "दुसरं काय आहे आपल्या हातात."

त्यानंतर ती दर तीन-चार महिन्यांनी यायची, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आमच्या दाराशी मात्र विचारायची नाही. दुःखातलं घर म्हणून नुसती विचारपूस करून पुढे जायची.

सहाव्या वर्षी वकीलबाई आल्या. कंपनीच्याच देशातल्या, पांढरे आखूड केस, बरोबर एक दुभाषी. शाळेच्या वर्गात त्यांनी सगळ्यांना बोलावलं. ह्यांनी मला पाठवलं, नुसतं ऐकून ये म्हणून. पाच बदल्यांच्या घरच्यांनी तिकडच्या कोर्टात दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं असं, की आमच्याकडे बदलीची पद्धतच नव्हती, हे पाच जण खाणीत कधी उतरलेच नाहीत. आता कोर्टाला एक तरी माणूस हवा होता, ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं की माझा बिल्ला माझ्याशिवाय खाली गेला होता. तसा कुणी मिळाला नाही तर दावा तिथेच संपणार, आणि ते पाच जण कुठेच मेले नाहीत असं कायमचं ठरणार. दुभाष्याने हे दोनदा सांगितलं. अख्खी रांग आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसली होती. पुढच्या बाकावर ती बहीण, पाठ ताठ.

घरी येऊन मी तांदूळ निवडत निवडत दोघा भावांना सगळं सांगितलं. भाऊजींनी बहिणीचं विचारलं. आली होती, म्हटलं. मग ते स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवत म्हणाले, "दादा, उद्या मी जातो."

हे बराच वेळ बोलले. इतकं बोलताना मी ह्यांना पाहिलं नव्हतं. तू जिवंत निघालास तर मी खोटा वारस ठरेन, नोकरी जाईल, छप्पर जाईल, दोघंही आत जाऊ, पोरीची शाळा अर्धी राहील. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेवटी म्हणाले, "माझा नको, तिचा तरी विचार कर."

"तिचाच करतोय," भाऊजी म्हणाले. "ती मला शूर समजते."

मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला या घरात मोठ्या गोष्टी कुणी विचारत नाही, आणि मीही कधी मनाला लावून घेतलं नाही. त्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, "त्या बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. सहा वर्षं झाली. न्हायला बसले की तो हात अजून लागतो."

ह्यांनी निवडलेले तांदूळ उचलून आत नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भाऊजी पुढच्या दाराने बाहेर पडले. ऊन लागून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि क्षणभर भिंत धरली. बायका नळावर होत्या, त्यांच्या घागरी भरून वाहत राहिल्या. पंपवाले काका ओट्यावर होते ते उठून उभे राहिले, पण स्वर्गवासी म्हणाले नाहीत. भाऊजी अनवाणी होते. मी चपला पुढे केल्या, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. घरातही ते पायात कधी काही घालत नसत, मी ती सवय समजत होते.

वर्गात वकीलबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं, की तुमचं काही वाकडं होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग बदली कोण ते ओळखायला दुभाष्याने टेबलावर आठ फोटो मांडले. त्यांचं बधिर बोट सरळ चौथ्यावर गेलं. बहीण बाकावर होती. तिला मध्ये बोलायची परवानगी नव्हती. दोन तास जबानी चालली. सह्या झाल्या, दुभाष्याने कागद आवरले, तेव्हा ती जवळ आली. वाटलं, आता ही त्यांना मारेल, आणि मारलं तर मी मध्ये पडणार नव्हते.

तिने विचारलं, "त्या दिवशी त्यानं काही खाल्लं होतं का?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "नुसता चहा." मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "मी त्याला माझे बूट दिले, ताई. त्याच्या रबरी चपला होत्या, चपलांवर आत सोडत नाहीत. माझा पाय मोठा. त्यानं पुढे कागद कोंबले आणि हसला. सहा वर्षं मला एवढंच दिसतंय. पाणी आलं, सगळे शिडीकडे पळाले, आणि तो त्या बुटांत."

दुभाषी वकीलबाईंच्या कानात सगळं सांगत होता.

बहीण म्हणाली, "त्याला लहानपणापासून मोठेच बूट मिळाले. दुसऱ्यांचे. तो पळायचा त्यात."

तिने हे त्यांना धीर द्यायला म्हटलं की दुसऱ्या कशासाठी, मला अजून कळलेलं नाही. मग तिची नजर माझ्याकडे वळली आणि तिने ओळखलं. "तुमचे दीर," एवढंच म्हणाली. मला मान वर करता आली नाही.

आठवड्यात ह्यांची नोकरी गेली, महिन्यात घर गेलं. आता आम्ही पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत राहतो. हे भाऊजींशी बोलत नाहीत, पण जेवायला बसताना त्यांचा पाट स्वतः मांडतात.

मग कंपनीचं उत्तर आलं. दुभाष्याने ते फोनवर वाचून दाखवलं आणि आम्हाला कळेना म्हणून पुन्हा वाचलं. जबानी देणारा इसम हा आमचा कामगार नव्हे. तो कामगार त्या दिवशी खाणीत मृत्यू पावला, तसं त्याच्या भावाने लिहून दिलेलं आहे. मृताच्या नावाने कुणीतरी तोतया उभा केला आहे. बोटांचे ठसे घेतले, तर ड्रिलने बोटं इतकी झिजलेली की मशीनला काही वाचता आलं नाही. आम्ही घरचे, म्हणून आमचा शब्द धरत नाहीत. आता त्यांना आधीपासून ओळखणाऱ्या परक्या माणसांनी लिहून द्यायला हवं, की हाच तो, आणि हा जिवंत आहे.

मी रांगेत गेले. एकेक निळं दार वाजवलं. कुणी आतूनच "नंतर या" म्हटलं, कुणी फटीतून "आम्हाला काही माहीत नाही" म्हटलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. त्या बाईला नाही म्हणताना मी तोच वापरला होता. पंपवाल्या काकांनी तेवढी सही केली. चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "थट्टा करताना कधी एवढं जड गेलं नाही, बघा." एक सही झाली. वकीलबाई म्हणतात, एकीवर कोर्ट मानणार नाही. तारीख अजून चार महिन्यांवर आहे. तोपर्यंत भाऊजी गिरणीच्या पट्ट्याची दुरुस्ती करतात, आणि पट्टा थांबला की अजूनही कुणाला तरी वरच्या शिडीने यायला सांगतात. जबानी दिली म्हणजे ते थांबेल असं मला वाटलं होतं. देवाकडे तसं मागितलंही होतं.

मागच्या मंगळवारी मी पूजा आटोपून उठत होते. दार वाजलं. बाहेर एक माणूस, डोक्याला पंचा गुंडाळलेला, अंगावर लांबच्या प्रवासाची धूळ. त्याने पाणी मागितलं. उभ्यानेच सगळं प्यायला. मग विचारलं, ज्यांनी जबानी दिली ते इथंच राहतात का. मला वाटलं कंपनीचाच कुणी असेल. मी दार अर्धं लोटून धरलं आणि आपण कोण, म्हटलं.

त्याने पंचा सोडला आणि इकडेतिकडे पाहून घेतलं.

"मी अकरावा," म्हणाला.

यादी मला पाठ आहे. भाऊजींना वगळून त्या तेरा जणांच्या आत्म्यासाठी मी सहा वर्षं रोज संध्याकाळी देवापुढे एकेकाचं नाव घेत आले आहे. अकराव्याचंही. त्या दुर्घटनेनंतर त्याची बायको माहेरी गेली, तेव्हा तिला बसपर्यंत पोचवायला मी गेले होते. त्याच्या दाढीला पीठ लागलं होतं, गिरणीच्या बाजूने आला असावा. त्याच्या हातातला तांब्या मला परत घेता येईना.

आवाज ऐकून भाऊजी बाहेर आले. हे दोघं एकाच ड्रिलच्या दोन बाजूंना काम केलेले. दोघांनी एकमेकांना हातही लावला नाही. तो इतकंच म्हणाला, की लांब एका वीटभट्टीवर दुसऱ्या नावाने होतो, तिथं कानावर आलं की एक जण उभा राहिलाय.

भाऊजींनी खाटेवर सरकून जागा केली.

"बस," ते म्हणाले. "तुझ्या जागी कोण गेलं होतं, ते आधी सांग."